आवडता स्टोरी गेम: पुण्यातल्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात पस्तिशी ओलांडलेल्या गेमरला आवडता स्टोरी गेम कोणता असं विचारलं, तर ‘मॅक्स पेन’, ‘माफिया’, ‘हाफ-लाइफ’ किंवा ‘व्हाइस सिटी’ यांतलं एखादं नाव हमखास येतं. पंचविशीतला ‘विचर ३’, ‘रेड डेड २’ नाहीतर ‘लास्ट ऑफ अस’वर येऊन थांबतो. मग ‘जुनं ते सोनं’ विरुद्ध ग्राफिक्स असा ठरलेला वाद रंगतो. त्यात एक मुद्दा कायम सुटतो. एकाच नावाचा गेम सगळ्यांनी एकाच रूपात खेळलेला नाही. हातात कोणती कॉपी होती, सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) टिकत होता का, कटसीन म्हणजे गोष्ट सांगणारे मधले प्रसंग मुळात त्या कॉपीत होते का, यावर ‘स्टोरी भारी आहे’ हे मत बरंचसं ठरलं.

या प्रकाराचा उगम १९७६ च्या ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’पर्यंत नेता येतो. त्यात चित्र नव्हतंच. मजकूर वाचायचा आणि एक-दोन शब्दांत आज्ञा टाइप करायची. पुढे चित्रं आली, पण सुरुवातीला एखादी वस्तू उचलायची राहिली तर शेवटी गेम अडकायचा आणि तसं सांगायचाही नाही. १९९० च्या ‘मंकी आयलंड’ने ती खोड काढली. १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’ तीन डिस्कवर आला आणि गोष्टीची लांबी बदलली. इथल्या आवडीशी या सगळ्याचा संबंध पातळच आहे. पुण्याचा हिशोब २००० नंतर सुरू होतो: तपकीर गल्लीत असेंबल केलेला पीसी, पेठेतला सायबर कॅफे आणि पाऊचमधली सीडी.

त्या सीडीवर बहुतेक वेळा ‘रिप’, म्हणजे गेमची काटछाट केलेली कॉपी असायची. पूर्ण गेम दोन-तीन सीडींचा. तो एका सीडीत बसवायचा तर काहीतरी कापावं लागे. आधी जात व्हिडिओ, मग गाणी, मग संवादांचा आवाज. लेव्हल आणि बंदुका कापता येत नाहीत, कारण त्यांच्याशिवाय गेम चालतच नाही. म्हणजे कात्री पडायची ती नेमकी गोष्टीवर. ‘व्हाइस सिटी’ मूळ दोन सीडींचा. रिपमध्ये रेडिओ मुका, काही कॉपींमध्ये संवादही मुके, आणि पात्रं नुसती हातवारे करतायत. हा गेम खेळलेल्या कितीतरी जणांना त्याची गोष्ट नीट सांगता येत नाही आणि मिशन मात्र तोंडपाठ असतात, त्याचं कारण हे.

आता जे गेम वाचले ते पाहा. ‘हाफ-लाइफ’मध्ये १९९८ सालीच कॅमेरा खेळाडूच्या हातून काढून न घेता सगळं घडवलेलं होतं. वेगळी व्हिडिओ फाइल नाही, त्यामुळे कापायला काही नाही. ‘मॅक्स पेन’ची गोष्ट कॉमिकच्या स्थिर चौकटींमधून जाते आणि वाक्यं चौकटीत लिहिलेली असतात. निवेदकाचा आवाज गेला तरी मजकूर हलत नाही. या दोन गेम्सना पुण्यात जुन्या मंडळींमध्ये जो मान आहे, त्यात गुणवत्ता आहेच. पण त्यांची गोष्ट कात्रीतून शाबूत सुटली हेही आहे.

दुसरी अडचण सेव्हची. कॅफेतल्या मशीनवर ‘डीप फ्रीझ’सारखं सॉफ्टवेअर असे. रीस्टार्ट केलं की सी ड्राइव्ह होता तसा परत. व्हायरसवर उपाय म्हणून ते बरोबरच होतं. पण ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ सेव्ह ठेवतात माय डॉक्युमेंट्समध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर. गेम भले डी ड्राइव्हवर टाकलेला असेना, संध्याकाळची मेहनत रात्री मशीन बंद झाल्यावर साफ. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली, तर रात्रीपर्यंत थांबायचीही गरज नाही.

यावरची रीत अशी. ‘व्हाइस सिटी’त हॉटेलच्या खोलीत तरंगणाऱ्या गुलाबी कॅसेटवर उभं राहून सेव्ह करायचं (गेममधलं घड्याळ सहा तास पुढे जातं, ते चालायचंच). गेम बंद करायचा, माय डॉक्युमेंट्समधल्या ‘जीटीए व्हाइस सिटी युजर फाइल्स’ फोल्डरमधून आपल्या स्लॉटची फाइल उचलायची आणि फ्लॉपीवर टाकायची. एक सेव्ह साधारण २०० केबीचा. गेममध्ये स्लॉट आठ, पण १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावतात सातच. परत दुसऱ्या मशीनवर टाकताना फाइलच्या नावातला आकडा पाहायचा, कारण तोच स्लॉटचा क्रमांक असतो. तो न बदलता कॉपी केली की त्या मशीनवरच्या दुसऱ्या कुणाचा सेव्ह पुसला जातो. कॅफेतली निम्मी भांडणं याच एका आकड्यावरून. शिवाय एखाद्या मशीनवर मिशनची मूळ स्क्रिप्ट बदलणारा मॉड (हौशी लोकांनी केलेला फेरफार) असेल, तर तिथला सेव्ह साध्या गेममध्ये उघडताना गेम कोसळतो. फाइल खराब झाली असं समजून ती फेकून देणारे बरेच.

‘माफिया’ची गोष्ट आणखी अवघड. त्यात हवं तिथे सेव्हच करता येत नाही, चेकपॉइंट येईल तेव्हा तो आपला आपण होतो. कॅफेचा तास दोन चेकपॉइंटच्या मधे संपला तर पुढच्या वेळी मागच्या चेकपॉइंटपासून पुन्हा. त्यात ती कुप्रसिद्ध मोटारशर्यत, जी जिंकल्याशिवाय कथा एक पाऊल पुढे सरकत नाही. नंतरच्या पॅचने (गेममधल्या दुरुस्तीने) तिची अवघडता कमी करण्याची सोय दिली, पण पाऊचमधल्या सीडीवर पॅच कुठला असायला? त्यामुळे ‘माफिया’ आवडणाऱ्यांचे दोन गट पडतात: शर्यत ओलांडून शेवट पाहिलेले, आणि शर्यतीआधीच्या भागावरच फिदा असलेले. दोघंही स्टोरीची तारीफ करतात, पण वेगवेगळ्या लांबीच्या स्टोरीची.

२००५ नंतर घरी ब्रॉडबँड आलं आणि कात्रीचा काळ हळूहळू संपला. सरकारी जोडणीच्या त्या वेळच्या लोकप्रिय योजनेत रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोफत असे. हिशोब सोपा आहे. २५६ केबीपीएसला सेकंदाला ३२ केबी, सहा तासांत ६९० एमबीच्या आसपास, म्हणजे रात्रीला एक सीडी. वेग २ एमबीपीएस झाल्यावर कागदावर साडेपाच जीबीच्या जवळ, म्हणजे रात्रीला एक डीव्हीडी. पूर्ण गेम घरात येऊ लागला, सेव्हही घरच्याच मशीनवर राहू लागला. आणि तेव्हाच तो वाद सुरू झाला, जो अजून मिटलेला नाही: खेळाडूच्या निवडीला गेमने किती महत्त्व द्यायचं आणि ते त्याला दाखवायचं का.

‘मास इफेक्ट’ मालिकेत सेव्ह एका भागातून पुढच्या भागात न्यायचा असतो. २०१० च्या दुसऱ्या भागातली शेवटची मोहीम त्या काळच्या डिझाइनचा कळस मानायला हरकत नाही. अंतराळ जहाजाला चिलखत, ढाल आणि तोफ अशा तीन सुधारणा केलेल्या नसतील, तर एकेका त्रुटीमागे एक साथीदार जातो. नळीतून पाठवायला तंत्रज्ञ चुकीचा निवडला की तोही जातो. जहाजावरचे लोक पळवले गेल्यावर लगेच मोहिमेवर निघालं तर सगळे वाचतात. मधे एक ते तीन मिशन केली तर निम्मे, त्याहून जास्त रेंगाळलं तर फक्त डॉक्टर. गेम यातलं काही धड सांगत नाही, फक्त घाई आहे असं सुचवतो.

२०१२ च्या तिसऱ्या भागात सेव्ह आणलाच नाही, तर आधीच्या भागांतली काही लाडकी पात्रं मेलेलीच धरली जातात. फॉरमॅट मारलेल्या पीसीवर, किंवा मित्राकडे पहिले दोन भाग खेळून आपल्याकडे तिसरा टाकल्यावर, हाच अनुभव. त्याच भागाच्या शेवटावर जगभर ओरड झाली, कारण तीन शेवट रंगापलीकडे फारसे वेगळे वाटत नव्हते. जूनमध्ये निर्मात्यांनी शेवट वाढवणारा मोफत भाग दिला. शेवट मागे घेतला नाही, नुसता समजावून सांगितला. इथल्या पुष्कळांनी तो भाग लावलेलाच नव्हता, आणि त्यांचं वाईट मत आजही त्या पहिल्या शेवटाबद्दल आहे.

त्याच वर्षी ‘वॉकिंग डेड’चे पाच भाग आले. उत्तर द्यायला मोजके सेकंद, आणि उत्तर दिलं की कोपऱ्यात ओळ: अमुक हे लक्षात ठेवील. (पुढचं वाक्य ज्यांना नको असेल त्यांनी एक परिच्छेद सोडावा.) पहिल्या भागात दोघांपैकी एकाला वाचवायचं असतं, कुणालाही वाचवलं तरी तिसऱ्या भागात ती व्यक्ती मरतेच. हे कळल्यावर फसवणूक झाल्याची भावना येते, आणि ‘निवड खोटी आहे’ हा आरोप तिथून रूढ झाला.

आरोप पूर्ण न्याय्य नाही. दोन पर्यायांच्या दहा निवडी खऱ्या अर्थाने वेगळ्या ठेवल्या तर १,०२४ वाटा होतात, आणि प्रत्येक वाट लिहायची, बोलून घ्यायची, तपासायची. म्हणून फाटे फोडून पुन्हा एका ठिकाणी आणतात. हे सगळेच करतात. प्रश्न आहे तो कोपऱ्यातल्या ओळीचा. तिने जे वचन दिलं ते लेखनाला पेलवण्यासारखं नव्हतं. ओळ काढून टाकली असती तर त्याच गेमवर निम्मीही टीका झाली नसती.

२०१५ च्या ‘विचर ३’ने उलट टोक गाठलं. नायकाची मानसकन्या सिरी, तिचं काय होणार हे मूठभर प्रसंगांवर ठरतं: ती खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे खेळायचे की दारू पाजून समजूत काढायची, बैठकीला तिला एकटीला जाऊ द्यायचं का, प्रयोगशाळेची मोडतोड करू द्यायची का, मित्राच्या कबरीवर तिच्यासोबत जायचं का, आणि सम्राटाकडे नेलंच तर त्याचे पैसे घ्यायचे का. तीन ठिकाणी चुकलं की शेवट काळा. यातला एकही प्रसंग ‘महत्त्वाचा’ म्हणून जाहीर होत नाही. माणूस मुलीशी कसा वागतो ते त्याला परीक्षा आहे असं न सांगता बघणं, ही पद्धत सरस आहे.

तिचा तोटाही खरा आहे. परिणाम बऱ्याच तासांनी दिसतो, तोवर ऑटोसेव्ह एकावर एक चढलेले असतात. म्हणून किल्ल्यावरची लढाई संपताच एक हातचा सेव्ह करून ठेवावा आणि डॉक्युमेंट्समधल्या ‘गेमसेव्ह्ज’ फोल्डरची नक्कल दुसरीकडे काढावी. क्लाउड सेव्हवर विसंबू नये. क्लाउड जी फाइल नवी दिसते ती वर चढवतो; ती आपल्याला हवी होती का, हे त्याला कळत नाही.

२०१६ च्या सप्टेंबरनंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि वादात नवा पक्ष आला, गेम न खेळता त्याचं पूर्ण चित्रण पाहणारा. त्याने एकाच माणसाच्या निवडींची एकच वाट पाहिलेली असते. ‘लास्ट ऑफ अस २’वर २०२० साली जे रान उठलं, त्यात हा फरक कामाचा आहे. मधेच नायिकेची शत्रू असलेल्या ॲबीच्या बाजूने काही तास खेळायला लावण्याचा निर्णय हातात कंट्रोलर असताना नकोसा वाटतो आणि म्हणूनच परिणाम करतो. सोफ्यावर बसून पाहणाऱ्याला तो नुसता कथानकाचा लांबलेला भाग दिसतो.

अलीकडे अडथळा परत तांत्रिक झालाय. ‘रेड डेड २’ला पीसीवर १५० जीबी जागा लागते, आणि तो हार्ड डिस्कवर टाकला की टेक्श्चर (पृष्ठभागावरचे बारकावे) उशिरा येऊन कटसीनमधले चेहरे क्षणभर गुळगुळीत दिसतात. ‘लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा सुरुवातीलाच शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत बसायचे, जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरवर तासाभराचं काम. ते न थांबता गेम सुरू केला की अडखळणं आणि क्रॅश. थांबलं तर तो वेळ खेळण्याचा म्हणून मोजला जाई, आणि गेम परत करून पैसे मागण्याची मर्यादा दोन तासांची. ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवरही टेक्श्चर खाली आणावे लागत. नंतरच्या पॅचेसनी बरंच सुधारलं, पण पहिल्या आठवड्यात मत बनवलेले लोक परत फिरकले नाहीत.

पुण्याचा स्वतःचा गेमही या यादीत येतो, आणि त्याबद्दल इथे हवी तेवढी चर्चा होत नाही. शहरातल्याच एका छोट्या स्टुडिओने केलेला ‘राजी’ २०१७ मध्ये लोकवर्गणीत अपयशी ठरला, आणि तरीही २०२० च्या ऑगस्टमध्ये निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर, ऑक्टोबरमध्ये पीसी व इतर कन्सोलवर आला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे आणि भित्तिचित्रांमधून येतात. लांबी चार-पाच तासांची. शेवट मधेच तोडल्यासारखा वाटतो ही तक्रार रास्त आहे. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, आणि खेळायचा असेल तर त्याच आवाजात खेळावा; दुर्गा-विष्णूंचा संवाद इंग्रजीत कृत्रिम वाटतो, हिंदीत तो कीर्तनाच्या जवळ जातो.