ज्ञान, सत्ता आणि सामाजिक न्याय : खानदेशातील शालेय शिक्षण

कोणते ज्ञान शाळेत शिकवण्याजोगे मानायचे, ते कोणत्या भाषेत द्यायचे आणि परीक्षेत कशाला गुण द्यायचे, हे ठरवणाऱ्या वर्गाची मुले शाळेत सहज रुळतात. इतरांच्या मुलांना आधी शाळेची भाषा व रीत शिकावी लागते आणि मगच विषय. घरातून मिळालेल्या या आघाडीला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बोर्द्यू यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटले. महाराष्ट्रात हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी महात्मा जोतीराव फुले यांनी मांडला होता. १८८२ साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारी महसूल शेतकऱ्यांच्या श्रमातून जमतो, पण त्यावर चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अभ्यासक्रमात शेतीची मूलतत्त्वे असावीत आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शाळेचे दार उघडणे आणि आतले ज्ञान बदलणे या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या, हे महत्त्वाचे आहे.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात विद्येची परंपरा मोठी आहे. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ सालचे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून दप्तरे व हस्तलिखिते जपत आले आहे. मात्र लिखित कागदाला मिळालेली ही प्रतिष्ठा सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांच्या मौखिक कथांना आणि वनस्पतींच्या जाणकारीला शाळेत मिळाली नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या, त्यांच्या निधनानंतर १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या आणि मग पाठ्यपुस्तकात शिरल्या. १९९० साली स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. हा गौरव रास्तच आहे. पण त्याच मुलखात घरी ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणणाऱ्या मुलाने वहीत तसेच लिहिले की ते चूक ठरते. बोलीतून प्रमाण मराठीकडे नेणारी वाट आखणे हे शाळेचे काम आहे, आणि ते न झाल्याचा दोष मुलाच्या बुद्धीवर टाकणे हा अन्यायच होय. संविधानाचा अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्यास सांगतो; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मातृभाषेचे माध्यम ‘व्यवहार्य असेल तेथवर’ मान्य करते. या तीन शब्दांच्या आडोशाला पावरी व भिली बोलणारी मुले दीर्घकाळ राहिली आहेत.

अक्षर आणि सत्ता यांचे नाते नंदुरबार जिल्ह्यातील शहादा परिसरात फार उघडपणे दिसले. कर्जाच्या कागदांवर अंगठे उमटवून आदिवासींच्या जमिनी हातच्या गेल्या व जमिनीचे मूळ धनी सालदार झाले. आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांच्या कार्यातून आणि १९७२ साली उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेतून जमीन व मजुरीचे लढे झाले. सातबारा वाचता येणे हे तेथे अभ्यासापुरते कौशल्य नव्हते. पुढे १९९० च्या दशकात नर्मदाकाठच्या, धरणाच्या बुडितातील गावांत नर्मदा बचाव आंदोलनाने ‘जीवनशाळा’ सुरू केल्या. तेथे मुलांच्या बोलीतून आरंभ करून जंगल, नदी व विस्थापन हे अभ्यासाचे विषय झाले आणि सरकारी अभ्यासक्रमाचीही साथ सुटू दिली नाही.

आश्रमशाळांमुळे दुर्गम पाड्यांवरील मुलांना निवास, भोजन व शिक्षण मिळाले, हे नाकारता येत नाही. तरीही घरापासून तुटलेले बालपण आणि घरच्या भाषेला परकी असलेली शिकवणी यांची किंमत त्यांना मोजावी लागते. शाळेचे वेळापत्रकही तटस्थ नसते : दिवाळीनंतर नंदुरबारमधील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात, त्यांची मुले सोबत जातात आणि हजेरीपटावर ‘अनियमित’ ठरतात. हंगामी वसतिगृहांची योजना याच मुलांसाठी आहे. गावात मागे राहणाऱ्या मुलांची जबाबदारी तिने घेतली, तर त्यांचे वर्ष वाया जात नाही.