दिसणं बदलतं की भूमीच बदलते?

पवनचक्क्या किंवा सौर प्रकल्प येणार म्हटलं की ‘आमचा परिसर बिघडणार’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात दोन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एक म्हणजे आपण जिथे उभे आहोत तिथून समोर दिसणारं चित्र बदलणार. दुसरी म्हणजे त्या जमिनीची मूळ ठेवणच बदलणार. पहिल्याला दृश्य परिणाम म्हणतात, दुसऱ्याला भूदृश्य परिणाम. नावं इतकी जवळची की गल्लत ठरलेलीच. पण ती महागात पडते, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये प्रकल्पांचं मूल्यमापन करताना हे दोन्ही परिणाम मुद्दाम वेगवेगळे तपासतात, ते याचसाठी.

दृश्य परिणामाला बघणारा माणूस लागतो. कोण बघतं, कुठून, किती अंतरावरून, रोज घराच्या खिडकीतून की प्रवासात क्षणभर, यावर सगळं ठरतं. पात्याच्या टोकापर्यंत २०० मीटर उंच असलेली पवनचक्की १ किलोमीटरवरून सुमारे ११ अंशांचा कोन व्यापते. २० किलोमीटरवरून तीच अर्ध्या अंशाहून जरा जास्त, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढी दिसते. पण चंद्र फिरत्या पात्यांसारखा हलत नाही, आणि नजर हालचालीकडे आधी वळते. शिवाय विमानांसाठी लावलेले लाल दिवे रात्रीही त्यांची आठवण देत राहतात. त्यामुळे नुसती उंची सांगून भागत नाही. मोठी पाती मिनिटाला कमी फेरे घेतात, म्हणून लहान चक्क्यांच्या दाटीपेक्षा मोजक्या मोठ्या चक्क्या डोळ्यांना शांत वाटतात. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट खिंडीत १९८०च्या दशकातल्या हजारो लहान चक्क्यांच्या जागी पुढे थोड्याच पण मोठ्या चक्क्या आल्या, तेव्हा हा फरक दिसून आला.

मांडणीनेही खूप फरक पडतो. कोपनहेगनसमोरच्या समुद्रात २००० साली मिडलग्रुंडेनच्या २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आधीचा आराखडा तीन रांगांचा होता. लोकांनी हरकती घेतल्यावर एकच वळणदार रांग ठरली, शहराच्या जुन्या तटबंदीच्या वळणाशी जुळणारी. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. वीज सोडून न देता लोकांच्या नजरेचा मान राखता येतो, हे त्यातून दिसतं.

भूदृश्य परिणामाला मात्र बघणारा नसला तरी चालतं. जमिनीचा उतार, बांध, झाडोरा, पाण्याच्या वाटा, पिकांचा पोत, निर्जनपणा यांचं मिळून भूदृश्य बनतं. यातलं काही गेलं की परिणाम झाला, मग तिकडे कोणी फिरकत असो वा नसो. सौर प्रकल्प इथे चांगली कसोटी आहे. जमिनीवरची पॅनेल सहसा दोन-तीन मीटरच उंच असतात. कडेने दाट झाडं लावली की सपाटीवरच्या रस्त्यावरून काहीच दिसत नाही, आणि दृश्य परिणाम जवळजवळ मिटतो. झाडांमागे मात्र शेत राहिलेलं नसतं. तिथे कुंपण आणि एकसारख्या ओळी आलेल्या असतात. आडोसा केला म्हणजे प्रश्न सुटला, असं सांगणारा अर्ध्याच तक्रारीचं उत्तर देत असतो. जवळच्या टेकडीवर चढलं की आडोसाही संपतो आणि खाली काळपट तळं पसरल्यासारखं दिसतं.

पवनचक्कीचं बरंचसं उलट आहे. ती कोसावरून दिसते, पण दोन चक्क्यांमधल्या जमिनीत नांगर चालतो, गुरं चरतात. तरीही भूदृश्य अबाधित राहिलं असं म्हणता येत नाही. १०० मीटरच्या टेकडीवर २०० मीटरची चक्की उभी राहिली की टेकडी ठेंगणी वाटू लागते. प्रदेशाचं प्रमाणच बदलतं. इथे दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळतात, आणि सगळ्यात जास्त वाद होतात तेही इथेच.

सगळ्यात फसवं उदाहरण धरणाचं. इताइपू धरणाचा जलाशय १९८२मध्ये भरला आणि ब्राझील-पॅराग्वे सीमेवरचा ग्वायरा धबधबा त्याखाली गेला. आज तिथे येणाऱ्या नव्या माणसाला विस्तीर्ण, देखणं पाणी दिसतं. डोळ्यांना खुपेल असं काही नाही. भूदृश्याचं नुकसान मात्र अफाट, आणि ते परत न येणारं.

प्रकल्पाची मुदत संपल्यावरही हा भेद कामाला येतो. चक्की उतरवली की क्षितिज त्याच दिवशी मोकळं होतं. तिची लांबलचक पाती वर नेण्यासाठी चढावर कापलेली रुंद वळणं आणि जमिनीखालचा काँक्रीटचा पाया यांचं काय करायचं, हे मात्र परवानगी देतानाच लिहून घ्यावं लागतं.