थंड भाडं, गरम भाडं: जर्मनीला बिऱ्हाड हलवण्याआधी

दादाला स्टुटगार्टला नोकरी लागली तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी आम्ही सगळे वही घेऊन खर्च मांडायला बसलो, आणि पहिलीच ओळ चुकली. जाहिरातीत घराचं भाडं ९०० युरो होतं, म्हणून आम्ही ९०० लिहिलं. पण ते थंड भाडं होतं.

जर्मनीत एकाच घराची दोन भाडी सांगतात. काल्टमीटे म्हणजे थंड भाडं, नुसत्या चार भिंतींचं. वार्ममीटे म्हणजे गरम भाडं. थंड भाड्यात नेबेनकोस्टेन, म्हणजे वरखर्च, मिळवला की ते होतं. या वरखर्चात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा आणि चक्क मालमत्ता करसुद्धा येतो. आपल्याकडे घरपट्टी घरमालक भरतो, भाडेकरू कधी विचारतही नाही. तिथे ती भाडेकरूच्या माथी टाकता येते. दादाच्या घराचा वरखर्च २५० होता, म्हणजे दर महिन्याला जाणार होते १,१५०.

मग थंड भाड्याचा आकडा सांगतातच कशाला? कारण डिपॉझिट त्यावर ठरतं. कायद्याने घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं डिपॉझिट म्हणून घेऊ शकतो. म्हणजे आमच्या हिशोबात २,७००. गरम भाडं धरून ३,४५० नव्हे. तेही तीन समान हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता राहायला जाताना. नवीन संसार मांडताना हा हक्क फार कामाला येतो, पण कुणी आपणहून सांगत नाही.

गरम भाड्यातही सगळं येत नाही. विजेचा करार बहुतेक ठिकाणी आपला आपण करायचा. इंटरनेट वेगळं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. आणि घरात स्वतंत्र गॅसचा बॉयलर असेल तर हीटिंगचा गॅसही बहुधा आपल्याच नावावर असतो; अशा घराचं गरम भाडं नावालाच गरम. कित्येक घरांत स्वयंपाकघर म्हणजे मोकळी खोली असते, ना ओटा, ना सिंक. ते आधी विचारून घ्यावं.

आता खरी मेख. ते २५० युरो म्हणजे अंतिम खर्च नाही, बहुतेक करारांत ती उचल असते. आपल्या जिल्ह्यात कारखाना उसाची पहिली उचल देतो आणि शेवटचा हिशोब मागाहून होतो, तसंच हे, फक्त इथे देणारे आपण. वर्षाचा हिशोब होतो. कमी वापर झाला तर पैसे परत, जास्त झाला तर फरक भरायचा. त्यात हीटिंगच्या खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग आपल्या वापरावर लागतो, उरलेला साधारणपणे घराच्या क्षेत्रफळावर.

दादा आधी एकटाच गेला. वहिनी आणि दोन्ही मुलं जानेवारीत, आपली गड्डा यात्रा चालू असताना पोचली. सोलापूरच्या उन्हात वाढलेली माणसं ती! वहिनीने रेडिएटरची कळ थेट पाचवर फिरवली, आणि कोंदट वाटतं म्हणून खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली. त्या कळीवरचा आकडा म्हणजे पंख्याचा वेग नव्हे. तो खोली किती गरम करायची ते ठरवतो. तीनवर साधारण २० अंश. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, खिडकी उघडी असेल तर रेडिएटर नुसता तापतच राहतो. हवा बदलायची तर कळ बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची, मग लावून घ्यायची.

हे वहिनीला सांगायला तिथे कुणी नव्हतं. पुढच्या शरद ऋतूत हिशोबाचं पत्र आलं, सहाशे युरोंच्या आसपास फरक. वहिनी फोनवर रडली. मला आजही वाटतं, चूक तिची नव्हती. उचल एका माणसाच्या वापराची होती आणि राहत होती चार माणसं. पाणीसुद्धा चौपट लागणारच.

असं पत्र आलं की घाबरून लगेच पैसे भरू नयेत. वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत हिशोब आला नाही तर घरमालकाला सहसा फरक मागता येत नाही. आला, तर त्याची बिलं पाहायला मागता येतात आणि हरकत घ्यायला भाडेकरूला बारा महिने मिळतात. दादाने बिलं पाहिली. हिशोब बरोबर होता.

घर ठरवताना मागच्या वर्षीचा हिशोब मागावा, आणि तेव्हा घरात किती माणसं होती तेही विचारावं. दादाने नंतर घरमालकाशी बोलून उचल ३२० करून घेतली. वहीत भाड्यापुढचे ९०० खोडून आता १,२२० लिहिलेत. डिपॉझिटची ओळ मात्र २,७०० वर तशीच आहे.