पंच म्हणून सही करताय? मुद्देमाल प्रयोगशाळेत कसा जातो ते आधी वाचा

पोलिसांनी "दोन पंच पाहिजेत" म्हटलं की निम्मी गल्ली आतून कडी लावते. खरं तर काम अवघड नाही.

पात्रता एवढीच: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 नुसार झडतीला त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी लागतात. शिक्षणाची अट नाही. लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार दिला तर मात्र तो गुन्हा. कोर्टात जावं लागतं ते खास समन्स आलं तरच.

ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. झडती-जप्तीचं, यादी करून सह्या घेण्यासकट, चित्रीकरण आता बंधनकारक आहे. 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं असतं; ही व्यवस्था उभारायला राज्यांना 5 वर्षांची मुदत आहे.

तुम्ही डोळे उघडे ठेवायचे ते पॅकिंगच्या वेळी. रक्ताचा ओला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की ओल आत राहते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात जायला हवा. प्रत्येक वस्तूचं पाकीट वेगळं, हातमोजेही दर वेळी नवे. वर लेबल: गुन्हा क्रमांक, तारीख, वस्तूचं वर्णन, पंचांच्या सह्या. मग लाखेचं सील. कोऱ्या लेबलवर सही करू नका, कितीही घाई असली तरी.

प्रयोगशाळेकडे पाकिटासोबत पाठवणीचं पत्र, एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, मुद्देमालाची यादी, तपासणीत काय पाहायचं ते प्रश्न आणि सीलचा नमुना जातो. या नमुन्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, पण तिथे आधी तोच ताडून बघतात. पाकिटावरची मोहोर जुळली नाही, तर सीए रिपोर्ट (प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) कितीही चोख असो, बचाव पक्षाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. मोबाइलमधला पुरावा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्रही लागतं. त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा अंक-अक्षरांचा ठसा, नोंदवलेली असते.

झडती तुमच्याच घराची असेल तर हजर राहता येतं, आणि जप्तीच्या यादीची पंचांच्या सहीची प्रत मिळते. ती मागून घ्या.