प्रोग्रॅमर आणि इंजिनिअर : पुण्यातील दोन कार्यसंस्कृती

संगणकासाठी कोड लिहिणारे आणि यंत्रे, पूल, धरणे उभारणारे यांच्या कामाच्या सवयींत, बोलीत आणि चुकीकडे पाहण्याच्या नजरेत पडलेले अंतर. पुण्यात ते अनेकदा एकाच घरात नांदते : वडिलांची हयात पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात पहिल्या पाळीची बस गाठण्यात गेलेली, मुलगी हिंजवडीत कोड लिहिणारी. पदवी बहुधा दोघांचीही बीईच. फरक पडतो तो चूक निस्तरायला काय मोजावे लागते यात.

इंजिनिअरिंगची परंपरा इथे जुनी आहे. आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाची सुरुवात १८५४ची. तिथेच शिकलेल्या विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३मध्ये खडकवासला धरणाला बसले. पुढे मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले. सी-डॅक ही संगणक-संशोधनाची सरकारी संस्था १९८८मध्ये स्थापन झाली, ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१मध्ये तयार झाला आणि त्यानंतर हिंजवडीची आयटी वसाहत वाढली.

भोसरीतल्या एखाद्या मशीन शॉपमधले ड्रॉइंग पाहावे. पंचवीस मिलिमीटरच्या शाफ्टपुढे ‘एच सात’ लिहिलेले असते, म्हणजे व्यास २५·०००पेक्षा जास्त नको आणि २४·९७९पेक्षा कमी नको. अवघ्या एकवीस मायक्रॉनची मुभा. कोपऱ्यातल्या चौकटीत तीन सह्या : काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची, मंजूर करणाऱ्याची. शाफ्ट जास्त कापला गेला की भंगारात. कापलेले लोखंड परत चिकटत नाही. सहीची धास्ती येते ती इथून.

प्रोग्रॅमर सकाळी दोन ओळी बदलतो, चाचण्या चालवतो, सहकाऱ्याकडून रिव्ह्यू करून घेतो आणि दुपारच्या आत बदल ग्राहकापर्यंत पोचतो. बिघडले तर रोलबॅक, म्हणजे आधीच्या आवृत्तीकडे परत. या सवयीला बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे आहे. वापरणाऱ्याला नेमके काय हवे हे पुष्कळदा वापरल्यावरच कळते, आणि थोडे करून, दाखवून, सुधारण्याची ही शिस्त कारखान्याला सहज परवडत नाही. मात्र रोलबॅक नेहमी हाताशी असतो हा समज घातक आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. आधीच्या रॉकेटसाठी लिहिलेल्या कोडमध्ये चौसष्ट बिटांची संख्या सोळा बिटांत मावली नव्हती.

पुण्याला अशा चुकीचे मोल वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरे होण्याआधीच पाणी साठलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पाणी कुठवर चढले होते हे जुनी माणसे अजून हाताने दाखवतात. ‘आधी सुरू करू, मग पाहू’ या वाक्याने इथला स्थापत्य अभियंता अस्वस्थ होतो, तो उगाच नव्हे.

‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ ही संज्ञा रूढ झाली ती १९६८मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या नाटोच्या परिषदेमुळे. सॉफ्टवेअरलाही अभियांत्रिकीची शिस्त हवी, हा त्यामागचा आग्रह होता. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत ‘इंजिनिअर’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे. पुण्यात मात्र ती नेमणूकपत्रावर सर्रास छापून येते आणि तिच्यासोबत यायला हवी ती सहीची जबाबदारी मागेच राहते. मतभेदाची खरी जागा हीच आहे.

दोन्ही जमाती आता मोटारीत एकत्र आल्या आहेत. ब्रेक, इंजिन, बॅटरी यांवर कोडचा ताबा असल्याने पुण्यातल्या वाहनउद्योगात प्रोग्रॅमरला सी भाषेत सुरक्षित कोड लिहिण्यासाठीचे ‘मिस्रा सी’चे नियम पाळावे लागतात आणि २०११पासूनचे आयएसओ २६२६२ हे सुरक्षा-मानक समजून घ्यावे लागते, मेकॅनिकलवाल्याला दर पंधरवड्याला बदलणारी आवृत्ती सोसावी लागते. बैठकीत घोळ होतो तो बहुधा ‘रिलीज’ या एका शब्दावरून. ड्रॉइंग रिलीज झाले म्हणजे आता हात लावायचा नाही, असे एकाला वाटते. कोड रिलीज झाला म्हणजे पुढच्या दुरुस्तीला मोकळे झालो, असे दुसऱ्याला.