कोथळा काढायची सुरी वेगळी, मांस सोडवायची वेगळी

परवा भाच्याने व्हॉट्सॲपवर दोन सुऱ्यांचे फोटो पाठवले. "मामा, दोन्हींवर हरणासाठी म्हणून लिहिलंय. एकच घ्यायची तर कुठली?" अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात त्याचं शिकारीचं हे पहिलं वर्ष. इकडे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो. त्याचा परवाना झाला, केशरी जाकीट झालं, आता सुरीवर गाडी अडली होती.

(भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगतो: तिकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे. इकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे व्हाइटटेलची, शिकार परवान्यावर आणि ठरलेल्या दिवसांत होते. पुढचं सगळं इकडचं आहे.)

त्याचा गोंधळ मला कळला. दुकानाच्या फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवलेली नसते. एका सुरीचं पातं साडेतीन इंच, दुसरीचं सहा. पण स्क्रीनवर दोन्ही तेवढ्याच दिसतात. दोन्हींची मूठ काळी, दोन्हींचं टोक बाकदार. पहिली फील्ड ड्रेसिंगची, म्हणजे जनावर पडलं त्याच जागी पोट फाडून आतडी-कोथळा बाहेर काढायची. दुसरी बोनिंग नाईफ, घरी टेबलावर हाडापासून मांस सोडवायची. एकीने दुसरीचं काम होत नाही असं नाही, पण केलं की पस्तावायला होतं. मी पहिल्या वर्षी केलं होतं.

जंगलातलं काम कसं असतं ते आधी सांगतो, म्हणजे पातं आखूड का हवं ते आपोआप कळेल. हरीण उताणं टाकायचं. पोटाच्या कातडीला बोटाच्या पेराएवढी चीर द्यायची, आत दोन बोटं घालून कातडी वर उचलायची आणि त्या दोन बोटांच्या बेचक्यातून धार आकाशाकडे करून आतून बाहेर कापत छातीच्या हाडापर्यंत जायचं. बाहेरून कापलं तर दोन नुकसानं होतात. हिवाळ्यातले केस जाड आणि पोकळ असतात, ते कापले जाऊन मांसाला चिकटतात. आणि केस कापता कापता धारही मरते. शिवाय धार खाली असली की कातडीच्या लगेच मागे फुगलेला कोठा वाट बघत असतोच.

त्यानंतरचा भाग मला अजूनही थोडा भीतीदायक वाटतो. बरगड्यांच्या कडेकडेने श्वासपटलाचा पडदा सोडवायचा, मग छातीच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घालून श्वासनलिका चाचपायची, डाव्या हाताने धरायची आणि उजव्या हाताने तिच्या वर कापायचं. दिसत काहीच नाही. रक्ताने हात निसरडे, बाहेर थंडीने बोटं बधिर, संध्याकाळ असेल तर डोक्यावर टॉर्च. त्या अंधारात सुरीचं टोक आणि तुमचीच डावी बोटं शेजारी शेजारी असतात. म्हणून माझं माप सोपं आहे: मूठ नेहमीसारखी धरून तर्जनी पात्याच्या पाठीवर सरळ ठेवा. बोट टोकाच्या जवळपास पोचलं पाहिजे, म्हणजे न बघताही टोक कुठे आहे ते कळतं. बहुतेकांच्या हाताला हे माप तीन ते चार इंचांत बसतं. पातं ताठ हवं, आणि टोक पाठीकडून उतरत आलेलं, ज्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात तसं. ते आतड्यात सहज रुतत नाही.

आपल्याकडे कोंबडी साफ करताना घरात एकच घोष असतो, पित्त फुटू देऊ नकोस. इथे ती काळजी नाही, कारण हरणाला पित्ताशयच नसतं! मूत्राशय आणि कोठा मात्र असतो, आणि माझं घोडं तिथेच पेंड खाल्लं. शेजाऱ्याने सुरी देऊ केली होती, पण मला माझी नवी सहा इंची बोनिंग नाईफ मिरवायची होती. तिचं पातं लवचीक. छातीच्या हाडाला टेकलं, वाकलं, सटकलं, आणि टोक कोठ्यात. पुढचा वास लिहीत नाही. सगळ्यात मऊ मांस, म्हणजे आतून कण्याला लागून असलेल्या दोन टेंडरलॉइन, त्यावर ते सगळं ओघळलं होतं. त्या टाकाव्या लागल्या. शेजारी काही बोलला नाही, पुढच्या वर्षी फक्त आपली सुरी माझ्या हातात ठेवली.

आता त्याच लवचीक पात्याला टेबलावर बघा. हरणाच्या पुढच्या पायाचा धडाशी हाडाचा सांधाच नसतो, खांद्याचं चपटं हाड नुसतं स्नायूंनी धरलेलं असतं. पाय उचलून धरला आणि बरगड्यांलगत सुरी फिरवली की पाय हातात येतो, एकही हाड कापावं लागत नाही. पाठीचे दोन लांब पट्टे, बॅकस्ट्रॅप, काढताना पातं कण्याला चिकटून चालवायचं. मांसाच्या आत टोक हाड चाटत जातं आणि त्याची खरखर मुठीपर्यंत जाणवते. मांसावरची चंदेरी चिवट पापुद्री काढताना पातं किंचित वाकवून सपाट धरावं लागतं. फील्डच्या सुरीची पाठ जाड असते, ती पाचरीसारखी मांसात शिरते. पापुद्रीबरोबर अर्धा बोटभर मांस जातं आणि हाडावरही तेवढंच राहतं. या कामाला अरुंद, पाच-सहा इंची, अर्धवट लवचीक पातंच हवं. अगदी लेचंपेचं नको, ते माशाचं.

आपल्या खाटकाची पद्धत डोक्यात असली तर आणखी एक घोटाळा होतो. तिथे लाकडी ओंडका, वरून सत्तूर, हाडासकट तुकडे. नळीशिवाय रस्सा कसला? म्हणून इथे आलेले आपले लोक हमखास विचारतात, बोनिंग नाईफऐवजी सत्तूरच का नको? चवीचं म्हणणं पटतं. पण विस्कॉन्सिनमध्ये 2002 पासून हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग सापडतोय. तो प्रिऑनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो, आणि ते प्रिऑन मेंदू, कणा आणि लसिका ग्रंथींत जास्त साठतात. माणसाला हा रोग झाल्याची पक्की नोंद नाही, तरी कण्यातून करवत किंवा सत्तूर चालवू नका, मांस हाडापासून सोडवून घ्या, असाच सल्ला असतो. डोकं तपासणीला देऊन निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये थांबतं, आणि रोग निघाला तर ते खायचं नसतं. उकळत्या पाण्याने प्रिऑन मरत नाहीत. सुरी आधी घासून स्वच्छ करायची, मग घरच्या ब्लीचच्या 40 टक्के द्रावणात पाच मिनिटं बुडवायची आणि लगेच धुवायची, नाहीतर पातं गंजतं. मांसाचा कण चिकटला असेल तर ब्लीच त्याच्या आत पोचत नाही.

म्हणूनच सांधे-कपारी असलेली सुरी मला आवडत नाही. बक 110 ही घडीची सुरी 1964 पासून शिकाऱ्यांच्या कंबरेला आहे. देखणी आहे, मजबूत आहे, पण घडीच्या खाचेत चरबी आणि रक्त गेलं की घरी टूथब्रश घेऊन बसा. शिवाय तिचं टोक जरा जास्तच अणकुचीदार. गट हुक म्हणजे पात्याच्या पाठीवरचा आकडा. पोटाची चीर तो सुरेख देतो, मग केस-चरबीने भरतो, आणि त्याला धार लावायला गोल कानस लागते. मी घेत नाही. सर्जनच्या ब्लेडसारखी बदलायची पाती असलेल्या सुऱ्या भयंकर धारदार असतात, पण आडवा जोर लागला की मोडतात, आणि मोडलेला तुकडा जनावराच्या पोटात शोधणं नशिबी येतं. सोलायला छान, छातीत हात घालताना नको. सांबरशिंगाची मूठ भिंतीवर शोभते. कामाला रबर, आणि पुढे बोट अडेल असा उंचवटा.

पैसे कमी लागतात हे ऐकून भाचा खूश झाला. बोनिंगसाठी इथल्या मांसाच्या कारखान्यांत दिसते तीच साधी स्विस व्हिक्टोरिनॉक्स पुरते. तिचं पोलाद फार कडक नाही, धार लवकर जाते पण धारेच्या सळईवर दोन हात मारले की परत येते. टेबलावर सळई शेजारीच असते, त्यामुळे चालतं. जंगलात सळई नसते, म्हणून तिथल्या सुरीची धार निघतानाच दगडावर चोख केलेली हवी.

आणि एकच घ्यायची तर? फील्डची. घरी स्वयंपाकघरातली एखादी अरुंद सुरी वेळ मारून नेईल, जंगलात तसा पर्याय नाही. घेतलीस की मुठीला केशरी दोरी बांध, असंही त्याला सांगितलं. काळ्या मुठीची माझी एक सुरी ओकच्या पानांत अजून पडलेली आहे, जिथे हरीण साफ केलं तिथून फार तर दहा पावलांवर.