गाळलं म्हणून डिझेल होत नाही

‘डिझेल इंजिनाचा जन्मच शेंगदाणा तेलावर झाला, तेव्हा वड्याचं उरलेलं तेल फडक्यातून गाळा आणि टाकीत ओता.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात खरं आहे ते एवढंच: 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. ते इंजिन मुळात खनिज तेलासाठी बनवलेलं होतं, हे स्वतः रुडॉल्फ डिझेल यांनीच पुढे सांगितलं.

गाळण्याने निघतो तो जळका चुरा. कितीही बारीक फिल्टर लावा, तेलाचा घट्टपणा तसाच राहतो, आणि 40 अंशांना तो डिझेलच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त असतो. तळताना तयार झालेली आम्लं आणि तेलात मुरलेलं पाणीही फडक्यातून आरामात पार होतं. असं घट्ट तेल इंजेक्टरमधून नीट फवारलं जात नाही. ते अर्धवट जळतं, काजळी धरतं आणि पिस्टनच्या रिंगांजवळून झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तिथे त्याचा डिंक होतो! जुन्या, साध्या इंजिनांत तेल आधी तापवून काहींनी काम भागवलं आहे, पण आजच्या कॉमन रेल (खूप जास्त दाबाने इंधन फवारणाऱ्या) गाडीत हा प्रयोग म्हणजे निव्वळ पैशांचा धूर.

बायोडिझेल वेगळं. तिथे मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याने तेलाची रासायनिक फोड करून ग्लिसरीन वेगळं काढतात. मिथेनॉल विषारी आणि भडकणारं, त्यामुळे हा उद्योग स्वयंपाकघरात नकोच. उरलेलं तेल अधिकृत संकलकाला द्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ‘रुको’ योजना 2018 पासून त्यासाठीच आहे.